दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि खुर्दा

प्रश्न: शाळेत असल्यापासून ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतोय. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’, ‘राऊ’, यातल्या काही दोन-तीनदा वाचून झाल्या. गेल्या महिन्यात तानाजीच्या घोरपडीवरून चुलतभावाशी जुंपली. तो म्हणाला, “तू वाचतोस तो इतिहास नाही, कादंबरी आहे.” तेव्हापासून इतकी वर्षं खोटंच वाचत आलो की काय, असं वाटतंय. दुसरं म्हणजे, ज्यांना ‘साहित्यिक’ म्हणतात त्या कादंबऱ्या माझ्या हातात टिकत नाहीत. ‘कोसला’ चाळिसाव्या पानावर सोडली. माझं वाचायचं चुकतंय की माझा पिंडच तो नाही? आणि बारा वर्षांच्या मुलीला काय वाचायला देऊ?

उत्तर: तुमचा चुलतभाऊ बरोबर बोलला, पण अर्धंच बोलला.

आधी मी कोण ते सांगते. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. देवघेवीच्या खिडकीत बसलं की कोण काय नेतं हे तर दिसतंच, पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की त्यातली कुठली पानं मऊ पडलीत हे बोटांना कळतं. आमच्याकडे ‘स्वामी’च्या तीन प्रती होत्या. तिन्ही दोनदा बांधणीला जाऊन आल्या आणि तिन्हींची शेवटची पानं कडेला हाताळून काळी पडलेली होती. ‘पानिपत’चं उलटं. मधली पानं स्वच्छ, सुरुवात आणि लढाईचा दिवस तेवढा मळलेला. पुरवठ्याच्या तक्रारी, यमुनेच्या पुराने अडलेली वाट, सावकारांची पत्रं हे सगळं लोक भराभर उलटून पुढे जात असणार. त्या मळलेल्या पानांवरून मला जे उमगलं तेच बरंचसं इथे सांगणार आहे.

आणि एक कबुली. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी गणेशोत्सवात मला व्याख्यानाला बोलावलं. मी तावातावाने एका कादंबरीतला संवाद म्हणून दाखवला, ऐतिहासिक उद्गार म्हणून. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. मोडी वाचणारे होते. हळूच म्हणाले, “ताई, हे वाक्य कुठल्या कागदातलं?” मला उत्तर आलं नाही. त्यांनी चारचौघांत विचारलं नाही, ही त्यांची मोठी मेहेरबानी. तुमच्या पोटात सध्या जे ढवळतंय ना, ते माझ्या पोटात तेव्हा ढवळून गेलंय.

भांडण घोरपडीवरून झालं, तर घोरपडच घेऊ.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले आणि कोंढाणा स्वराज्यात आला, एवढं पक्कं. आता सभासदाची बखर काढा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला, राजाराम महाराजांसाठी, १६९० च्या दशकात लिहिली. म्हणजे प्रसंगाला पंचविसेक वर्षं झाली होती; त्या रात्री गडावर असलेली काही माणसं तेव्हा हयात असणार. त्या बखरीत घोरपड नाही. मावळे वानरासारखे कडा चढून गेले, इतकंच आहे. घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तिथे तिला नावसुद्धा आहे, यशवंती. आता शाहिराची अडचण बघा. त्याच्यासमोर बसलेल्या शंभर माणसांपैकी नव्वदांनी तो कडा पाहिलेला नाही, आणि त्याला तर तो कडा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा करायचाय. ती घोरपड म्हणजे कड्याची उंची मोजायची त्याची पट्टी आहे. तिला खोटं म्हणणं मला जमत नाही. पण परीक्षेत कुणी लिहिली तर मी मार्क देणार नाही.

आता ते वाक्य. “गड आला पण सिंह गेला” हे तुम्हाआम्हाला पाठ आहे. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या कादंबरीला हेच नाव दिलं आणि ते मराठी माणसाच्या जिभेवर कायमचं बसलं. त्यावरून गडाला सिंहगड नाव पडलं, असंही आपण मुलांना सांगतो. पण सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांत सापडतं. आणि सभासद महाराजांच्या तोंडी जे वाक्य देतो ते असं आहे: “एक गड घेतला, परंतु एक गड गेला.”

दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात कौतुक आहे, टाळी आहे. दुसऱ्यात हिशेब आहे. जमेला एक, खर्चाला एक, बाकी शून्य. माणसाला सिंह कुणीही म्हणेल. माणसाला गड म्हणणारा माणूस राज्य चालवणारा असला पाहिजे, एकेका गडाची किंमत त्याला ठाऊक असली पाहिजे. मला तर सभासदाचंच वाक्य जास्त हलवतं. अर्थात त्या वाक्याच्या मागेही सभासद उभा आहेच, तोही लिहिणाराच.

म्हणजे खरं-खोटं अशी दोनच खणं करून चालत नाही. कागद, बखर, पोवाडा, कादंबरी असा उतार असतो आणि त्या उतारावर आपण कुठे उभे आहोत एवढं वाचताना माहीत असावं लागतं. त्यासाठी मी वाचकांना एक साधी युक्ती सांगायचे. कादंबरीत दोन माणसं रात्री बंद दालनात बोलायला लागली की पेन्सिलीने समासात लिहायचं: ‘तिसरा कोण?’ म्हणजे, हे बोलणं ऐकून बाहेर सांगणारा कोण होता? तिसरा कुणी नसेल तर तो संवाद लेखकाचा. माधवराव आणि रमाबाईंचं एकांतातलं बोलणं रणजित देसायांचं आहे. बाजीराव-मस्तानीचं ना. सं. इनामदारांचं आहे. मस्तानीचा अस्सल कागदांतला उल्लेख इतका तुटपुंजा की तिच्यावर चारशे-पाचशे पानं लिहायची तर लेखकाला पदरचंच घालावं लागणार. तारखा, मुक्काम, तह, कोण कुठे मेला, हे लेखक बहुधा साधनांतून उचलतो. पश्चात्ताप, मत्सर, रात्रीची झोप न येणं हे तो घरून आणतो. हा सांधा दिसायला लागला की फसवल्यासारखं वाटत नाही, उलट लेखकाची कारागिरी दिसते. काहींचा सांधा इतका सफाईदार असतो की बोट फिरवूनही लागत नाही, काहींचा दुरूनच दिसतो.

(वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलसुद्धा लावायची नाही, हे ग्रंथपाल म्हणून सांगून ठेवते. स्वतःच्या प्रतीवर करा.)

‘श्रीमान योगी’ तुमच्या घरात असेल तर आधी तिची प्रस्तावना वाचा. नरहर कुरुंदकरांनी रणजित देसायांना लिहिलेलं ते लांबलचक पत्र आहे. पुरावा कुठवर नेतो, त्यापुढे अंदाज कसा बांधायचा, भक्तीने बघितलं की काय दिसेनासं होतं, याचा त्याहून चांगला धडा मराठीत मला दुसरा माहीत नाही. गंमत म्हणजे आमच्या वाचनालयाच्या प्रतीत सगळ्यात कोरी पानं तीच होती. तसंच पानिपताबद्दल त्र्यं. शं. शेजवलकरांचं पुस्तक. ते रणभूमी स्वतः पायाखाली घालून आले होते. विश्वास पाटलांची कादंबरी वाचून झाल्यावर लगेच शेजवलकर घ्या. एकच लढाई दोनदा हरल्यासारखं वाटेल आणि दोन्ही वेळा कारणं वेगळी सापडतील.

कादंबरी इतिहासाच्या मागून चालते की पुढून, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळत होता. संभाजी महाराजांचं उदाहरण त्याला चांगलं उत्तर देतं. त्यांची व्यसनी, उतावळा, बायकांच्या नादी लागलेला राजा अशी जी प्रतिमा दीड शतक चालली तिचं मोठं मूळ मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीत आहे. ही बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. लिहिणारा बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहान्त शासन दिलेलं. आता अशा घरात बसून लिहिलेली बखर गोड कशी असणार? पण नाटककारांना तीच हवी होती. कमळा, तुळसा अशा नायिका आल्या, पडदे उघडले, हाउसफुल्लचे बोर्ड लागले. मग वा. सी. बेंद्रे. त्या माणसाने जवळजवळ चाळीस वर्षं देशोदेशीचे कागद गोळा केले आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र काढलं. पाठोपाठ कमल गोखल्यांचं संशोधन आलं. ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतज्ञ, चार आघाड्यांवर एकाच वेळी लढणारा राजा लोकांपुढे आला. शिवाजी सावंतांची ‘छावा’ त्यानंतरची, १९७९ ची.

म्हणजे कादंबरी मागून आली. पण बेंद्र्यांचा तो जाडजूड ग्रंथ आमच्याकडे वर्षाला तीन-चारदा जायचा आणि ‘छावा’ला नंबर लावावा लागायचा. २०२५ मध्ये सिनेमा आल्यावर तर जुनी मैत्रीण सांगत होती की अनामत भरून घेऊन फक्त तेवढं एक पुस्तक मागायला नवे सभासद आले. संशोधकाने पाया खणला, घर सावंतांच्या नावावर झालं. याचं मला वाईट वाटत नाही, पण घर दाखवताना पाया कुणाचा ते सांगावं. आणि उलट्या बाजूने, संभाजी महाराजांवरच्या एका अपुऱ्या राहिलेल्या नाटकासाठी राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडला गेला. नाटकाला इतिहास समजणारे दोन्हीकडे असतात: त्यावर विश्वास ठेवणारे आणि त्यासाठी सूड घेणारे.

इनामदारांबद्दल दोन वाक्यं. त्यांनी नायक कोण निवडले ते बघा. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, ‘मंत्रावेगळा’त ज्याला आपण शाळेत ‘पळपुटा’ म्हणायला शिकलो तो दुसरा बाजीराव, आणि ‘शहेनशहा’त चक्क औरंगजेब. बदनाम माणसांचं वकीलपत्र घेतलेला लेखक. निकाल त्यांच्या बाजूने लागतोच असं नाही, पण दुसरी बाजू ऐकायची सवय लागते. माझ्या मते ते देसायांपेक्षा कमी लाडके आणि कादंबरीकार म्हणून जास्त पक्के.

आता ‘स्वामी’ची ती काळी पडलेली शेवटची पानं.

माधवरावांना सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं, पानिपतानंतरची मोडकळीला आलेली दौलत, चुलत्याचा उपद्रव, क्षय, आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू. रमाबाई सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. १९६२ मध्ये ‘स्वामी’ आली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि मराठी घराघरांतल्या बायका त्या शेवटावर रडल्या. माझी आई रडली. मीही कॉलेजात असताना रडले. सगळं कसं शांत, उजळ, पवित्र.

मी नोकरीला लागले आणि थोड्याच वर्षांत, सप्टेंबर १९८७ मध्ये, राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, मिरवणुका, चुनरीचा सोहळा. त्या आठवड्यात एक प्राथमिक शिक्षिका ‘स्वामी’ परत करायला आल्या. पुस्तक खिडकीत ठेवलं आणि म्हणाल्या, “बाई, शेवट वाचवेना हो या वेळी.” बाकी काही बोलल्या नाहीत. मी ती प्रत घरी नेली आणि शेवट पुन्हा वाचला. शब्द तेच होते. पण या वेळी मी धग शोधत होते, धूर शोधत होते, एका तरुण बाईची भीती शोधत होते आणि ती मला सापडेना. रमाबाई सती गेल्या हा इतिहास आहे. त्या कशा गेल्या, हे देसायांनी ठरवलेलं आहे. तिसरा कोण, हा प्रश्न मला तेव्हा सुचला, आणि तो संवादापुरता नव्हता. हे सगळं कुणाच्या डोळ्यांनी दाखवलं जातंय? चितेच्या कुठल्या बाजूने?

तरी मी ‘स्वामी’ला फेकून द्या म्हणणार नाही. ती सुंदर कादंबरी आहे आणि तिने मला वाचक केलं. पण तेव्हापासून मी ती दोन मनांनी वाचते. तुम्हालाही पुढेमागे तसंच वाचावं लागेल. त्याची सवय होते.

यावरून मी मुद्द्यावर येते. पानिपताची बातमी सावकाराच्या सांकेतिक पत्रातून नानासाहेब पेशव्यांना माळव्यात कळली, ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. ग्रँट डफने ते पत्र आपल्या इतिहासात नोंदवलंय. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे चिल्लर, आणि ती चिल्लर म्हणजे तुमचे-माझे पूर्वज: बारगीर, बुणगे, पखालवाले, भिस्ती, लमाण, आणि काशी-प्रयाग होईल म्हणून सैन्याच्या आसऱ्याने निघालेली बायकापोरं.

तुम्ही नाव घेतलेल्या पाचही कादंबऱ्या मोत्यांच्या आहेत. मी तीस वर्षं मोतीच वाटले, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण खुर्द्याची गणती करायला बसते ती कादंबरी मला आता जास्त जवळची वाटते. टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’मध्ये नेपोलियनच्या स्वाऱ्यांवर लिहिताना नेपोलियनला कडेला बसवलं आणि मधोमध कुठल्याच इतिहासात नसलेली दोन-चार घरं ठेवली. तोफखान्यावरचा तो बुटका, धांदरट कप्तान तुशिन सम्राटापेक्षा जास्त लक्षात राहतो. ‘मृत्युंजय’ ऐतिहासिक नव्हे, पौराणिक, पण तिथेही मला कर्णाच्या निवेदनापेक्षा त्याच्या धाकट्या भावाचं, शोणाचं, निवेदन आवडतं. मोठ्याच्या सावलीत चालणाऱ्याला रस्ता वेगळा दिसतो.

मराठीत हे काम नंदा खऱ्यांच्या ‘अंताजीची बखर’ने केलंय. तुम्ही पुढची ऐतिहासिक कादंबरी घ्याल ती ही घ्या. अंताजी कुणी मोठा नाही, पराक्रमी तर अजिबात नाही. जीव सांभाळून, डोळे उघडे ठेवून जगणारा माणूस. त्याच्या नजरेतून मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या दिसतात, ज्यांच्याबद्दल आपल्या शाळेत जेमतेम एक ओळ असते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात वर्षामागून वर्ष तिकडे उतरल्या. सरकारी घोड्यावर लढणारा तो बारगीर, स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार, हा आपल्याकडचा फरक. बंगाल्यांना फरक कळायचं कारण नव्हतं; त्यांनी सगळ्यांनाच ‘बर्गी’ म्हटलं.

आमच्या गावात एका बँकेच्या अधिकाऱ्याची बदली होऊन आली होती. त्यांची बायको बंगाली, वर्धमानकडची. वाचनालयात मासिकं चाळायला यायची, बाळाला मांडीवर घेऊन. एकदा बाळ किरकिरायला लागलं तशी तिने गुणगुणायला सुरुवात केली, आणि मला ‘बर्गी’ हा शब्द ऐकू आला. मी अर्थ विचारला. ती जरा अडखळली, मग सांगितला: बाळ झोपलं, आळी निवांत झाली, बर्गी आले देशात, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशाने भरू? अंगाई होती ती. पावणेतीनशे वर्षांनंतरही तिकडच्या आया पोरांना आमच्या नावाने झोपवतात. मी तिला चहा केला. दुसरं काय करणार होते? ‘राऊ’ आणि ‘स्वामी’ माझ्या पाठीमागच्या कपाटातच होत्या.

असो. आता ‘साहित्यिक’ कादंबऱ्यांचं.

तुमचा पिंड नाही वगैरे काही नाही. तुम्ही मोत्यांची लय डोक्यात घेऊन खुर्द्याच्या गावात शिरलात. मोत्यांच्या कादंबरीत पुढे काय होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. माधवराव जाणार, पानिपत हरणार. तरी तुम्ही वाचता, कारण ‘कसं’ याची ओढ असते. मग ‘कोसला’ वाचताना ‘पुढे काय’ असं का विचारता? पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, काही जमत नाही, गावी परत जातो, संपली गोष्ट. पण त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपर्यंत पोचा. तिथे तो कसलाही आव न आणता बोलत राहतो, आणि दरबारी भाषेत शोक वाचायची सवय लागलेल्या कानाला तो आवाज आधी उघडाबोडका वाटतो, मग सहन होत नाही. चाळिसाव्या पानावर सोडलीत तर वाईट वाटून घेऊ नका. माझी स्वतःची दुसऱ्या खेपेला पूर्ण झाली. पण सुरुवात तिच्यापासून नको.

सुरुवात ‘बनगरवाडी’पासून करा. १९५५ ची, व्यंकटेश माडगूळकरांची, दोन बसकांत संपेल एवढी. तुम्हाला ऐतिहासिकची चटक आहे म्हणून मुद्दाम सांगते, ती आता ऐतिहासिकच झाली आहे. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथे नेमलेला कोवळा मास्तर. शाळेत पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. पुढे मास्तरच्या खटपटीने वाडीत तालीम उभी राहते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. औंधच्या पंतप्रतिनिधींना सूर्यनमस्काराचं केवढं वेड होतं हे माहीत असलं की तो प्रसंग आणखी खुलतो. बघा, राजा आहे कादंबरीत. एका दिवसापुरता येतो आणि जातो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी हे रोज तिथेच असतात. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं घेऊन माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी रिकामी होते. तलवार नाही, तोफ नाही, पण एक आख्खी वाडी उठते. कुठल्या दप्तरात याची नोंद असेल? असलीच तर साऱ्याच्या सुटीची असेल.

त्यानंतर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ ची, ज्या वर्षी महायुद्ध पेटलं त्या वर्षीची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि एक मराठी माणूस. बेडेकर इतिहास लिहीत नव्हते, आजचं लिहीत होते. छावण्यांत पुढे काय झालं ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्या बोटीवरचं साधं हसणंबोलणंही आपल्याला जड जातं. मग उद्धव शेळक्यांची ‘धग’, विदर्भातल्या कौतिकसाठी. वऱ्हाडी बोली पहिली वीस पानं अडेल. मोठ्याने वाचलीत तर सुटेल.

भाषेचा विषय निघालाच आहे तर जाता जाता. ऐतिहासिक कादंबरीतली माणसं जी घोटीव, गंभीर मराठी बोलतात ती अठराव्या शतकाची नाही, विसाव्या शतकातल्या रंगभूमीची आहे. पेशवाईतली खरी पत्रं वाचून बघा. ‘विज्ञापना ऐसीजे’ने सुरू होतात आणि पुढे धान्याचा भाव, घोड्याचं दुखणं, थकलेला पगार, फारसी शब्दांची खिचडी. गो. स. सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड एखाद्या जुन्या वाचनालयात मिळतात. कुठलाही उघडा आणि चार पत्रं वाचा. त्या पत्रांतली मराठी तुम्हाला ‘पानिपत’पेक्षा ‘धग’च्या जवळची वाटली तर दचकू नका.

मुलीचं. बारा वर्षांच्या पोरीला ‘काय देऊ’पेक्षा ‘काय वाचून दाखवू’ असं विचारा. रोज रात्री ‘बनगरवाडी’ची पाच-सहा पानं. मोत्यांच्या कादंबऱ्या ती आपण होऊन हुडकून काढेल, त्या कपाटात खालच्या खणात ठेवा म्हणजे झालं. घोरपडीची गोष्टही सांगा, अगदी यशवंती या नावासकट, रंगवून सांगा. तुमच्या चुलतभावाच्या भीतीने ती गाळू नका. सांगून झाल्यावर सभासदाचं ते एक वाक्य म्हणून दाखवा. मग थंडीत एखाद्या रविवारी तिला सिंहगडावर न्या, पण गाडीने वर नेऊ नका. आतकरवाडीकडून पायी चढा, वर पोचल्यावर मडक्यातलं दही खा, आणि तानाजीच्या समाधीचं दर्शन घेऊन झालं की डोणागिरीच्या कड्याशी जाऊन उभे राहा. काठावर तिचा हात घट्ट धरा. खाली बघितल्यावर ती विचारेलच, “बाबा, रात्री कसे चढले असतील?” तेव्हा लगेच काही सांगू नका. तुम्हीही एकदा वाकून बघा.